फुगलेला फोम आणि रूम नंबर ३१४
(एक अभ्यासलेख, अनुभवासकट)

– तृतीय वर्ष, केमिकल

आधीच कबूल करून टाकतो. हा लेख लिहिणारा केमिकलचा विद्यार्थी आहे, पॉलिमरच्या पेपरात त्याला बरे मार्क आहेत, आणि तरीही जुलैमधल्या एका रात्री त्याने ओल्या पॉलियुरेथेनवर ओलं फडकं फिरवलं. हे वाचून केमिकलवाले आत्ताच हसले असतील. बाकीच्यांना त्यात काय चुकलं ते पुढे कळेलच. हॉस्टेलवर फट बुजवायला, पाइपाभोवतीचं भोक बंद करायला, एसीच्या डक्टला हा 'पीयू फोम' आता सर्रास वापरला जातो. हार्डवेअरच्या दुकानात कॅन सहज मिळतो. तो वापरायचा कसा हे दुकानदार सांगतो, पण चुकला तर निस्तरायचा कसा हे कुणी सांगत नाही. म्हणून हा खटाटोप.

घडलं ते असं

आमची खोली तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमेला तोंड करून. मावळतीचा देखावा दिसतो म्हणून आम्ही ती भांडून घेतली होती. पावसाळ्यात कळलं की देखाव्याबरोबर पाऊसही आत येतो. खिडकीची ॲल्युमिनियमची चौकट आणि वरची भिंत यांच्यामध्ये चांगली तीन सेंटीमीटरची फट होती. वारा सुटला की पाणी त्या फटीतून माझ्या टेबलावर, आणि टेबलावरून जर्नलवर. तक्रारवहीत आम्ही तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा समोर शेरा आला, 'पाहिले'.

खोलीत आम्ही तिघं. एक सिव्हिलचा, एक मेकॅनिकलचा आणि मी. मेकॅनिकलवाल्याला लहानपणापासून दमा आहे, त्याचा पंप कायम उशीखाली असतो. हे मुद्दाम सांगून ठेवतोय, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

सिव्हिलवाला सुट्टीत एका साइटवर ट्रेनिंगला होता. तिथून त्याने ७५० मिलीचा एक कॅन आणला. म्हणाला, "साइटवर सगळ्या खिडक्या यानेच पॅक करतात. पाच मिनिटांचं काम आहे, लेका." रात्री मेसवरून आल्यावर साडेदहाच्या सुमारास कामाला सुरुवात झाली. डास येतात म्हणून दार बंद होतं. खाटेखाली डासांची कॉइल जळत होती. हातमोजे नव्हते. कॅनच्या पाठीवरच्या बारीक अक्षरांकडे कुणी पाहिलं नाही.

कॅन हलवला, नळी लावली, उलटा धरला आणि दाबला. क्रीमसारखा पिवळसर फेस बाहेर आला. फट इकडून तिकडे काठोकाठ भरली आणि आम्ही एकमेकांना टाळी दिली. दहा मिनिटांनी वर बघतो तर रात्रभर आंबवलेलं पीठ पातेल्याबाहेर यावं तसा फोम फटीतून बाहेर ओघळत होता. एक गोळा टेबलावर, एक कॅल्क्युलेटरवर, एक फरशीवर, एक बादलीवर आणि एक मेकॅनिकलवाल्याच्या डोक्यावर पडला. त्याने हात केसात घातला आणि मग तो हात सगळीकडे लागला.

तेव्हा मी पुढे सरसावलो. मोरीत फडकं ओलं केलं, चांगलं पिळलं आणि टेबल पुसायला घेतलं. फोम निघाला नाही, पसरला. आधी वीतभर जागेत होता, तो दोन हात जागेत झाला आणि तिथेच घट्ट होऊ लागला. मग मी आणखी पाणी आणलं.

कॅनच्या आत काय असतं?

आता अभ्यासाकडे वळू. पॉलियुरेथेनचा शोध जर्मनीत लागला. लेव्हरकुसेन इथे ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली त्याचं मूळ रसायन मांडलं. कल्पना सोपी आहे. एका बाजूला पॉलिऑल, म्हणजे टोकांना ओएच गट असलेला रेणू. दुसऱ्या बाजूला आयसोसायनेट, म्हणजे टोकांना एनसीओ गट असलेला रेणू. दोघे भेटले की युरेथेनचा जोड तयार होतो. दोन्हीकडच्या रेणूंना दोन किंवा अधिक हात असले की साखळ्या आणि जाळी तयार होते.

आपल्या कॅनमध्ये या प्रक्रियेचा पहिला टप्पा आधीच झालेला असतो. पॉलिऑल आणि जास्तीचं एमडीआय नावाचं आयसोसायनेट यांचं अर्धवट जोडलेलं, टोकांना एनसीओ शिल्लक असलेलं दाट द्रव्य त्यात असतं. त्यालाच प्रीपॉलिमर म्हणतात. सोबत दाबाखाली द्रवरूप केलेला प्रोपेन, आयसोब्युटेन किंवा डायमिथिल ईथरसारखा वायू असतो. शिवाय बुडबुडे स्थिर ठेवणारं सिलिकॉन, उत्प्रेरक आणि आग मंदावणारी द्रव्यं. कॅनमध्ये पाणी अजिबात नसतं. म्हणूनच ते सगळं महिनोन् महिने आत शांत बसतं.

कॅन दाबला की दोन गोष्टी एकामागोमाग होतात. पहिली भौतिक. दाब सुटतो, द्रवरूप वायू उकळून वाफ होतो आणि फेस तयार होतो. दुसरी रासायनिक, आणि आमची फजिती हिनेच केली. हवेतला आणि भिंतीतला ओलावा एनसीओ गटाशी भिडतो. आधी अस्थिर कार्बॅमिक आम्ल तयार होतं, ते लगेच फुटून अमाइन आणि कार्बन डायऑक्साइड देतं. ते अमाइन दुसऱ्या एनसीओ गटाला पकडून युरियाचा जोड करतं. म्हणजे एकाच पाण्याच्या रेणूने दोन कामं केली. फोम फुगवणारा वायू दिला आणि फोम कडक करणारा जोडही दिला.

पाणी का चुकलं?

आता माझ्या ओल्या फडक्याचा हिशोब करू. १८ ग्रॅम पाण्यातून १ मोल, म्हणजे ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. २५ अंशाला त्याचं आकारमान सुमारे २४.५ लिटर. म्हणजे एनसीओ गट पुरेसे शिल्लक असतील तर एक चमचाभर, ५ ग्रॅम पाणीसुद्धा जवळजवळ सात लिटर वायू तयार करू शकतं. मी साफ करत नव्हतो, मी अभिक्रियेला कच्चा माल पुरवत होतो. घाण दिसली की पाणी ओतायचं हे आपल्या हाताला लागलेलं वळण आहे. या एका पदार्थाच्या बाबतीत ते आपल्याला आणखी गोत्यात आणतं.

दुसरा हिशोब सिव्हिलवाल्याचा. फट १.२ मीटर लांब, ३ सेंटीमीटर रुंद, १० सेंटीमीटर खोल. गुणाकार केला तर ३.६ लिटर. आमच्या कॅनवर '३० लिटरपर्यंत फोम' असं छापलेलं होतं आणि आम्ही जवळजवळ अर्धा कॅन मारला होता. म्हणजे १५ लिटर. उरलेले ११ लिटर कुठे जाणार? खोलीत येणार. हा गुणाकार सहावीतला मुलगा करतो. आम्ही तिघं मिळून दोन डझन पेपर पास झालो होतो, पण करायचं सुचलं नाही.

तीन अवस्था

साफसफाईच्या दृष्टीने पहिला प्रश्न 'काय लावू?' हा नाही. पहिला प्रश्न आहे, 'फोम आत्ता कुठल्या अवस्थेत आहे?' कारण प्रत्येक अवस्थेत औषध वेगळं, आणि एकीचं औषध दुसरीला लागू पडत नाही.

१) ओला : पहिली दहा-पंधरा मिनिटं. वर साय धरलेली नसते. या वेळी ते अजून विरघळू शकणारं द्रव्य आहे. ॲसिटोनमध्ये ते विरघळतं. क्रम असा ठेवा. आधी मोठा गोळा जुन्या एटीएम कार्डाने किंवा पुट्टीच्या पत्तीने उचलून घ्या. पुसू नका, उचला. मग उरलेला थर कोरड्या कापडावर थोडं ॲसिटोन घेऊन कडेकडून मध्याकडे टिपा. दर वेळी कापडाची घडी बदला.

२) चिकट : वर साय, आत ओलं. सुमारे पाऊण तास ते एक तास. ही सर्वांत फसवी अवस्था. हात लावला तर साय फुटते आणि आतला चिकट भाग बाहेर येतो. या वेळी काहीही करू नका. खरंच सांगतो, हात मागे बांधून बसा. आम्ही नेमकं याच वेळात सगळं केलं.

३) कडक : कापता येईल इतका तासाभराने, पूर्ण पक्का व्हायला साधारण एक दिवस. थंडी-कोरडेपणात जास्त वेळ, पावसाळी हवेत कमी. आता साखळ्यांची त्रिमितीय जाळी झालेली असते. हा थर्मोसेट आहे. ॲसिटोन, पेट्रोल, थिनर, यातलं काहीही त्याला विरघळवत नाही, फार तर किंचित फुगवतं. आता मार्ग एकच. कापा, खरवडा, घासा.

याचा सोपा अर्थ असा, की पहिल्या दहा मिनिटांत जमलं तर जमलं. नाहीतर उद्या सकाळपर्यंत थांबायचं. मधल्या वेळातली धडपड फक्त पसारा वाढवते.

कशावर पडला तर काय करायचं?

हा भाग आम्ही स्वतःच्या खोलीवर शिकलो. फी भरून, असं म्हणायला हरकत नाही.

हात : ओला असताना कोरड्या कापडाने किंवा टिश्यूने पुसून घ्या. मग खोबरेल किंवा गोडं तेल भरपूर चोळा, पुन्हा पुसा. अगदी शेवटी साबण. आधी साबण-पाणी लावलंत तर तो कातडीवरच घट्ट होतो. कडक झाला असेल तर ओढून काढू नका, कातडी निघते. तेल किंवा पेट्रोलियम जेली लावून ठेवा, अंघोळीच्या वेळी पाय घासायच्या दगडाने हलक्या हाताने घासा. बाकी कातडीचा वरचा थर झडतो तसा तो चार-आठ दिवसांत जातो. तोवर त्यावर मळ बसून काळे डाग पडतात. ॲसिटोन कातडीवर उगाच चोळू नये, ते कातडीतलं तेल ओढून घेतं.

डोळा : इथे मात्र नियम उलटा. फोम डोळ्यात गेला तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने किमान पंधरा मिनिटं धुवायचं आणि थेट डॉक्टरकडे जायचं. तेल नाही, ॲसिटोन तर मुळीच नाही.

केस : ओले असताना तेल आणि बारीक फणी. कडक झाल्यावर कात्री. आमच्या मित्राचा पुढचा झुपका गेला. सलूनवाल्याने "कुठल्या रंगकामाला गेला होतास?" असं विचारलं.

फरशी : गुळगुळीत फरशीवर पडलेल्या गोळ्याला ओला असताना हात लावू नका. दुसऱ्या दिवशी पत्ती आडवी धरून खालून सरकवली की तो बराचसा अखंड निघतो. मी ज्या भागात फडकं फिरवलं नव्हतं तिथला असाच निघाला. फडकं फिरवलेला भाग अजून आहे, कुणालाही दाखवायला तयार आहे.

काच : साबणाच्या पाण्याने ओली करून नवं ब्लेड तिरपं धरून खरवडायची. कडक झाल्यावर पाण्याची भीती नाही, उलट ब्लेड घसरायला ते मदत करतं.

ॲल्युमिनियमची चौकट : पत्ती प्लास्टिकची घ्या, लोखंडाची ओरखडे पाडते. रंगवलेल्या किंवा पावडर कोटिंग असलेल्या चौकटीवर ॲसिटोन आधी कोपऱ्यात लावून पाहावं, चमक जाऊ शकते.

प्लायचं टेबल : सनमायका असेल तर बहुतेक निघतं. नुसतं पॉलिश केलेलं लाकूड असेल तर फोमबरोबर पॉलिशही जातं, आणि ॲसिटोन लावलं तर नक्कीच जातं. मग पॉलिश पेपर मारून पुन्हा पॉलिश करण्याखेरीज इलाज नाही.

कपडे : तंतूंमध्ये शिरलेला फोम निघत नाही. कपडा कडक होऊ द्यावा, वरचा जाड भाग मोडून काढावा आणि उरलेल्यासह तो वर्कशॉपला वापरावा.

कॅल्क्युलेटर : पीसीबी एच केल्यावर टोनर पुसायला शेजारच्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांकडे ॲसिटोनची बाटली असते. ती मिळाल्यावर सिव्हिलवाल्याने पहिलं काम काय केलं असेल, तर माझा कॅल्क्युलेटर पुसला. फोम गेला. त्याबरोबर बटणांवरचे आकडे गेले, वरचं झाकण चिकट झालं आणि डिस्प्लेची खिडकी दुधाळ झाली. एबीएस, पॉलिस्टायरीन, ॲक्रिलिक ही प्लास्टिकं ॲसिटोनला टिकत नाहीत. आता साइन कुठलं आणि कॉस कुठलं हे मला अंदाजाने दाबावं लागतं.

बादली : सर्वांत सुखद धक्का इथे. दुसऱ्या दिवशी बादलीवरचा गोळा नखाने टकटक केल्यावर सुटून आला. बादली पॉलिप्रॉपिलीनची. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन यांची पृष्ठऊर्जा इतकी कमी असते की फोमला तिथे पकडच मिळत नाही. दुधाची पिशवी, गव्हाच्या पोत्याच्या आतली पिशवी, कसलाही पॉलिथिनचा कागद खाली अंथरला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

काय करू नये?

त्या रात्री तीन सूचना आल्या. तिन्ही चुकीच्या होत्या, म्हणून नोंदवून ठेवतो.

पहिली सूचना लायटरने जाळायची. "प्लास्टिक आहे, वितळेल," असं शेजारच्या खोलीतला म्हणाला. थर्मोसेट वितळत नाही, जळतो. पॉलियुरेथेनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड हे दोन्ही विषारी वायू असतात. २००३ साली अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या 'द स्टेशन' नाइटक्लबला लागलेल्या आगीत १०० माणसं दगावली. तिथे भिंतींना लावलेला पॉलियुरेथेनचा मऊ फोम आतषबाजीच्या ठिणग्यांनी पेटला होता. तो कॅनमधला फोम नव्हता, पण कुटुंब तेच. 'फायर रिटार्डंट' असं छापलेलं असलं तरी त्याने आग मंदावते, अशक्य होत नाही.

दुसरी सूचना लॅबमधून डायक्लोरोमिथेन आणायची. जुन्या पेंट रिमूव्हरमध्ये ते असे, आणि कडक पॉलिमर ते फुगवून सैल करतं हे खरं. पण त्याची वाफ बंद खोलीत भूल आणते, आणि शरीरात गेल्यावर त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. अमेरिकेत घरगुती ग्राहकांना असे पेंट रिमूव्हर विकायला २०१९ सालीच बंदी घातली गेली. फ्यूम हूडमधली वस्तू हॉस्टेलच्या खोलीत आणायची नाही.

तिसरी सूचना कोरडा फोम ग्राइंडरने घासायची. त्याने निघतो, पण बारीक भुकटी खोलीभर होते. मोठा भाग हॅक्सॉच्या ब्लेडने किंवा ब्रेड कापायच्या सुरीने कापायचा, आणि शेवटचा पातळ थर तेवढा हाताने, मास्क लावून, खिडकी उघडी ठेवून घासायचा.

जे आमच्या लक्षातच आलं नव्हतं

आता दमा आणि कॉइल. टेबल, कॅल्क्युलेटर, केस यांचं दुःख आम्ही रात्री बारापर्यंत करत बसलो होतो. खरी गोष्ट सकाळी कळली, कॅनच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचल्यावर.

फोम फुगवणारा प्रोपेन आणि आयसोब्युटेन म्हणजे मेसच्या सिलिंडरमधल्या गॅसचेच भाऊबंद. प्रोपेनचा रेणूभार ४४, आयसोब्युटेनचा ५८, हवेचा सरासरी २९. म्हणजे तो वायू वर जात नाही, खाली बसतो, जमिनीलगत सरकतो. हवेत प्रोपेन सुमारे दोन टक्के झाला की पेटायला ठिणगी पुरते. आमची कॉइल जमिनीवर, खाटेखाली होती. दार बंद होतं. पंखा चालू होता आणि खिडकी उघडी होती म्हणून वायू साठला नाही. यात आमची हुशारी शून्य. आणि त्यानंतर त्याच खोलीत ॲसिटोनची बाटली उघडली गेली. ॲसिटोनचा फ्लॅश पॉइंट उणे २० अंशांच्या आसपास आहे आणि त्याची वाफही हवेच्या दुप्पट जड असते. कॉइल तेव्हाही जळतच होती.

दुसरं आयसोसायनेटचं. ही रसायनं श्वसनमार्गाला संवेदनशील करतात. एकदा शरीराने त्यांची ॲलर्जी धरली की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही दम्याचा झटका येऊ शकतो. रंगकाम आणि फोमच्या कारखान्यांत कामगारांना होणाऱ्या दम्याचं हे ओळखीचं कारण आहे. म्हणूनच युरोपीय संघात २४ ऑगस्ट २०२३ पासून ०.१ टक्क्यांहून जास्त डायआयसोसायनेट असलेला माल कामावर वापरणाऱ्यांना आधी प्रशिक्षण घेणं सक्तीचं आहे. एमडीआय फारसं उडून जाणारं नाही आणि पूर्ण कडक झालेल्या फोममध्ये ते बांधलं गेलेलं असतं, पण फवारताना आणि ओला असताना काळजी हवीच. दमा असलेल्या माणसाने त्या खोलीत थांबायचंच नसतं.

आमचा मित्र त्या रात्री तिथेच झोपला. पहाटे केव्हातरी मला जाग आली तेव्हा तो खिडकीशी बसून पंप घेत होता. मी विचारलं, तर म्हणाला, "काही नाही रे, पावसाळी हवा आहे, झोप तू." सकाळी बारीक अक्षरं मीच मोठ्याने वाचली. 'दमा असणाऱ्यांनी वापरू नये' ही ओळ आली तेव्हा खोलीत कुणी काही बोललं नाही. सिव्हिलवाल्याने उठून दुसरं तावदानही उघडलं. पुढचे दोन दिवस मित्राची गादी आम्ही शेजारच्या खोलीत नेऊन टाकली. हे आदल्या रात्री करायला पाच मिनिटं लागली असती.

मामांची भर

सकाळी हॉस्टेलचे मामा फिनेलची बादली घेऊन आले. दारातच थांबले. "पोरांनो, हे काय करून ठेवलंय?" आम्ही सांगितलं. मामांनी बादली खाली ठेवली आणि फरशीला फडकं लावणार तेवढ्यात मी अक्षरशः ओरडलो, "मामा, हात नका लावू!" आत फोम कुठे कुठे अजून ओला होता. ते मोज्यांशिवाय काम करणार होते, आमची घाण होती आणि तो पदार्थ काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. आपण निस्तरत नाही ते कुणाला तरी निस्तरावं लागतं, आणि त्याने बारीक अक्षरं वाचलेली नसतात. साफसफाई आम्हीच केली. मामांनी त्यांच्याकडची पटाशी आणि जुन्या हॅक्सॉची दोन पाती तेवढी दिली.

फोम कापताना एक गोष्ट दिसली. बाहेरून दगडासारखा झालेला जाड गोळा मधोमध कापला तर आत चिकट निघाला आणि हवा लागताच तो थोडा फुगला. कारण सरळ आहे. कडक व्हायला ओलावा लागतो आणि जाड थराच्या पोटात तो पोचत नाही. म्हणून जाड भाग कापला की लगेच पुसायला जाऊ नये, कापलेली बाजू काही तास उघडी ठेवावी.

आणि चौकट? फुगणाऱ्या फोमचा दाब तिने सोसला नाही. वरची पट्टी मध्यात खाली झुकली आणि सरकतं तावदान अडकलं. फोम चौकटीच्या मागून कापून काढल्यावर पट्टी बरीचशी जागेवर आली. अजून थोडं कोपराने ढकलावं लागतं.

पुन्हा करायचं झालं तर

१. कॅनवरचं सगळं वाचा. आधी, नंतर नाही.
२. फटीचं आकारमान काढा आणि निम्म्याहून कमी भरा. रुंद फट असेल तर एक थर, तो घट्ट झाला की दुसरा.
३. फट आधी झाडून पाण्याने किंचित ओलसर करा. हो, पाणी. त्याची जागा भरायच्या आधी आहे, सांडल्यावर नाही.
४. खाली पॉलिथिन, हातात मोजे, डोळ्याला चष्मा, अंगात जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट.
५. दारं-खिडक्या उघड्या. कॉइल, उदबत्ती, शेगडी, सिगारेट बंद. दमा असलेला मित्र दुसऱ्या खोलीत.
६. ॲसिटोन आणि कोरडी कापडं आधीच हाताशी, झाकण लावून. सांडल्यावर शोधायला गेलात तर दहा मिनिटं संपलेली असतात. नेलपॉलिश रिमूव्हर वापरणार असाल तर त्यात ॲसिटोन आहे का ते बघा, हल्ली बिनॲसिटोनचेही मिळतात.
७. कडक झाल्यावर फोम चौकटीच्या सेंटीमीटरभर आत कापा आणि बाहेरून मसाला किंवा सीलंट भरा. फोम उन्हाने पिवळा पडून भुसभुशीत होतो आणि कापलेल्या बाजूने पाणी धरतो. तो फट भरतो, पावसाला अडवण्याचं काम बाहेरच्या थराचं.
८. संपलेला कॅनही दाबाखाली असतो. भोक पाडू नका, उन्हात ठेवू नका, मागच्या अंगणातल्या कचऱ्याच्या शेकोटीत टाकू नका.

असो. पंधरा दिवसांनी प्रॅक्टिकलची व्हायवा होती. एक्सटर्नल सरांचं लक्ष माझ्या बोटांवरच्या काळ्या डागांकडे गेलं. "हे काय?"

"सर, पॉलियुरेथेन."

"कशात विरघळतं?"

"सर, आता कशातच नाही. क्रॉसलिंक झालंय."

सर हसले. "आणि आधी?"

"आधी ॲसिटोनमध्ये, सर. पण मी पाणी लावलं."

मार्क बरे मिळाले. त्याच संध्याकाळी आम्ही तिघांनी तक्रारवहीत चौथी नोंद केली. या वेळी 'पाणी येते' एवढंच लिहिलं नाही. फटीची लांबी, रुंदी, खोली, आत काय भरलं आहे, चौकट किती मिलीमीटर झुकली आहे आणि बाहेरून काय करणं बाकी आहे, सगळं आकड्यांत लिहिलं. रेक्टर सरांनी बोलावून घेतलं, तावदानाच्या दुरुस्तीचे पैसे आमच्या डिपॉझिटमधून कापले, आणि चौथ्या दिवशी गवंडी पाठवला. त्याने बाहेरून मसाला भरला.

पाऊस आता आत येत नाही. मेकॅनिकलवाला खिडकीखालच्या खाटेवर झोपतो. ती कोरडी जागा आम्ही त्याला दिली आहे.